सात ‘राहिला’ म्हणजे नेमके काय?

“सात लय दिवसापासून नाही आला भाऊ, आता येतेच!” नागपुरात सीताबर्डी असो की इतवारी, लॉटरीच्या निकालाच्या तक्त्यासमोर हे ऐकायला मिळते. लागलेल्या क्रमांकाच्या शेवटच्या अंकाचे 20 निकाल मांडायचे, त्यात न दिसलेला अंक हेरायचा आणि त्याच्यामागे लागायचे.

हिशेब करू. एका सोडतीत सात न येण्याची शक्यता 0.9. लागोपाठ 20 सोडतींत न येण्याची 0.9 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 0.12. पण तक्ता पाहणाऱ्याने सात आधी ठरवलेला नसतो; दहांपैकी जो गैरहजर, तोच त्याचा ‘राहिलेला’. 20 सोडतींत एक तरी अंक गैरहजर असण्याची शक्यता तब्बल 79 टक्के! दहाही हजर झाले तर नवल.

दहाही अंक एकदा तरी दिसायला किती सोडती लागाव्यात? पहिला नवा अंक पहिल्याच सोडतीत. दुसऱ्यासाठी सरासरी 10/9, तिसऱ्यासाठी 10/8, असे करत शेवटच्या एकट्यासाठी 10. बेरीज 29.3. आणि गंमत अशी, की सातची 20 सोडती वाट पाहून झाल्यावरही पुढे सरासरी 10 सोडतींचीच वाट उरते. वाट पाहिल्याचे व्याज मिळत नाही.

“सरासरी भरून निघते” हेही खरे नाही. पुढच्या 1000 सोडतींत सात नेहमीसारखा 100 वेळा आला, तर प्रमाण 1020 पैकी 100, म्हणजे 9.8 टक्के. तूट भरली नाही, फक्त पातळ झाली. हे कळले की पुढचा अंक सांगणारे ‘गेसिंग’चे कागद आणि अंकशास्त्र्यांचे ‘लकी नंबर’ रद्दीत घालावेत. शिवाय 1998 च्या लॉटरी कायद्याने एकाच अंकावर बक्षीस ठेवायला मनाई आहे. म्हणजे एवढी मेहनत घेऊन हेरलेला सात अधिकृत तिकिटावर एकटा काही मिळवून देत नाही.

परदेशांत 49 पैकी 6 आकडे निवडायची लॉटरी असते. तिथे 1,39,83,816 जोडण्या होतात. नागपूरहून निघणाऱ्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दर 5 सेंटीमीटरला संत्र्याची एक बी ठेवली, तर साधारण तेवढ्याच बिया लागतील. त्यांतली एकच खुणेची. डोळे बांधून गाडी एकदाच थांबवायची. वाढदिवसांचे आकडे लावणारे सगळे 1 ते 31 मध्ये, म्हणजे 7,36,281 जोडण्यांत गर्दी करतात. त्याने जिंकण्याची शक्यता बदलत नाही, पण बक्षीस विभागून मिळणार असेल तर वाटेकरी वाढतात.