विहिरीतला सूर आणि अकराव्या गुणसूत्रावरचे जनुक

मराठवाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला रिकामा कॅन बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसे गावोगावी भेटतात. विहिरीत कोणी बुडाले की दम तुटला, पाय गाळात रुतला किंवा फिट आली, अशी कारणे सांगितली जातात आणि पुष्कळदा ती खरीही असतात. मात्र पट्टीचा पोहणारा, धडधाकट मुलगा सूर मारून दोन-चार हात मारतो न मारतो तोच निपचित झाला, तर केसीएनक्यू-१ या जनुकातील दोषामुळे होणाऱ्या ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’ या हृदयाच्या आजाराची शंका घ्यायला हवी.

हे जनुक अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाजवळ असते. मार्क कीटिंग यांच्या अमेरिकेतील संशोधकगटाने १९९१ मध्ये हृदयाच्या या आनुवंशिक आजाराचा धागा अकराव्या गुणसूत्रापर्यंत नेला आणि १९९६ मध्ये प्रत्यक्ष जनुक ओळखले गेले. त्याच्या सांगण्यानुसार ६७६ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते. अशी चार प्रथिने एकत्र आली की हृदयपेशीच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाण्यासाठी एक वाहिनी तयार होते.

प्रत्येक ठोक्याच्या वेळी सोडियम आणि कॅल्शियमचे विद्युतभारित कण पेशीत शिरतात. नंतर पोटॅशियम बाहेर पडले की पेशी पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होते. मिनिटाला ७० ठोके पडत असताना दोन ठोक्यांमध्ये साधारण ८५० मिलिसेकंद मिळतात, पण धावताना गती १५० वर गेली की जेमतेम ४०० उरतात. म्हणून धावपळीत अ‍ॅड्रेनलिन वाढले की ही वाहिनी अधिक प्रमाणात उघडते आणि पेशी लवकर पूर्ववत होतात. जनुकात दोष असेल तर नेमके हेच घडत नाही. पेशी पुरत्या सावरण्याआधीच पुढचा विद्युतसंकेत येऊन थडकतो, ठोक्यांची लय विस्कटते आणि मेंदूला रक्त मिळेनासे होऊन माणूस काही सेकंदांत कोसळतो. बहुतेकदा लय आपोआप सावरते. ती सावरली नाही तर मृत्यू ओढवतो. पोहताना श्रमाने अ‍ॅड्रेनलिन वाढलेले असते आणि त्याच वेळी चेहरा गार पाण्यात गेल्याने हृदयाला गती मंद करण्याचेही संदेश मिळतात. अशी ओढाताण या हृदयाला झेपत नाही.

रक्त न मिळालेला मेंदू हातापायांना झटके देतो. पाहणाऱ्याला ती फिट वाटते आणि मग कधी मिरगीच्या गोळ्या सुरू होतात, तर कधी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला जातो. मिरगीचा झटका ओसरल्यावर रोगी बराच वेळ गुंगीत असतो. लय बिघडून पडलेला मुलगा मात्र पांढराफटक पडतो आणि शुद्ध आल्यावर बहुधा लगेच नीट बोलू लागतो. डॉक्टरांना हा फरक, आणि मूल धावताना, पोहताना की झोपेत पडले, हे आवर्जून सांगावे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे साधा ईसीजी. त्याचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा. आलेखातील क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचे अंतर, म्हणजे क्यूटी अंतर, मोजून ते हृदयगतीनुसार दुरुस्त करतात. हा आकडा वारंवार ४८० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक आला, तर या आजाराचे निदान पक्के होत जाते. सदोष जनुक असूनही काहींचा विश्रांतीतला आलेख सामान्य दिसतो, म्हणून एका ईसीजीवर निर्धास्त होऊ नये.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष प्रत आली तरी आजार होऊ शकतो. वाहिनीला चार प्रथिने लागतात आणि निम्मी सदोष असली, तर चारही निर्दोष असण्याची शक्यता १६ पैकी फक्त एक उरते. दोन्ही प्रती सदोष असल्या तर कानावरही परिणाम होतो, कारण अंतर्कर्णातील द्रवात पोटॅशियम सोडण्याचे काम हीच वाहिनी करते. असे मूल जन्मतः बहिरे असते आणि त्याच्या हृदयाचा धोकाही अधिक तीव्र असतो. नॉर्वेतील येर्वेल आणि लांगे-नील्सेन या डॉक्टरांनी १९५७ मध्ये एकाच घरातील अशा मुलांची नोंद केली होती. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत अजून आहे. एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता अशा नात्यांत वाढते आणि आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ती चारात एक असते. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. पण जन्मतः बहिऱ्या असलेल्या प्रत्येक मुलाचा ईसीजी व्हायलाच हवा, असे मला ठामपणे वाटते. काही मिनिटांची ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते.

उपचार आहेत आणि ते परिणामकारक आहेत. प्रोप्रॅनोलॉल किंवा नॅडोलॉल ही औषधे अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरील जोर कमी करतात आणि या प्रकारच्या आजारात चांगली लागू पडतात, मात्र त्यांचा एकही डोस चुकवू नये. एकट्याने पोहणे बंद करावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि उलटी थांबवणारी काही औषधे क्यूटी अंतर आणखी लांबवतात, तर जुलाबात पोटॅशियम कमी होऊन धोका वाढतो. म्हणून या आजाराचे नाव फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्यावे आणि औषधाच्या दुकानातही ते सांगावे. घरातील एकाचे निदान झाले की आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचा ईसीजीही त्याच आठवड्यात काढून घ्यावा, मग त्यांना कधी चक्कर आलेली नसली तरी.