खनिज विकलं, ते उत्पन्न की भांडवल?

दरडोई उत्पन्नाच्या यादीत गोवा नेहमीच देशात वरच्या रांगेत असतो. या उत्पन्नाचा हिशेब कसा मांडतात, ते मात्र बघायला हवं. डोंगरातलं लोहखनिज काढून विकलं की जमेची बाजू वाढते. डोंगर गेला, याची नोंद कुठेच होत नाही. राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं कल्याण ठरवता येत नाही, असा इशारा ते मोजणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये दिला होता. आपल्याकडे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी १९४०च्या दशकात साठ्यावर जगणारी आणि प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था असा फरक केला. खनिज म्हणजे साठा. उपसला की संपला. प्रवाह मात्र पुन्हा पुन्हा भरून येतो.

प्रवाहावरची अर्थव्यवस्था गोव्याला नवी नव्हती. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, भरतीचं पाणी चढलं की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, लाकडी दारं त्या दाबानेच मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. बांधाआड खारं सोसणारं कोरगुट भात पिकतं, मानशीजवळ मासळी मिळते. गावाची जमीन गावकारीची, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदादची, असायची. बांध फुटला तर नुकसान सगळ्यांचं, म्हणून त्याची राखणही सगळ्यांची.

पोर्तुगीजांनी खाणींचे परवाने दिले, ते मुक्तीनंतरही चालत राहिले. १९८७च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले. पुढे चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये निर्यात सुमारे ५ कोटी टनांवर गेली. खड्डे भूजलाच्याही खाली उतरले. त्यांतलं पाणी सतत उपसावं लागे आणि डिचोली तालुक्यातल्या शिरगावात विहिरी आटल्या.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती, असं ठरलं. वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा आली आणि विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारायचा आदेश झाला. पुढच्या पिढ्यांचा हक्क रुपयांत मोजला गेला, हे मला या निकालातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

या निकालानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, ते २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेली कुटुंबं उघड्यावर आली. उपशाला मर्यादा आधीपासूनच घातली असती तर हा आघात एकदम कोसळला नसता. खनिजाच्या मोबदल्यात सरकारला मिळणारी रॉयल्टी मात्र सरकारी अर्थसंकल्पात अजूनही महसुली उत्पन्न म्हणूनच जमा होते.