दारापाशी बसलेली व्यक्ती

विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागलं की दारापाशी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या कर्मचाऱ्याकडे एकदा नीट बघा. पाठ ताठ, पाय जमिनीवर सपाट, हात बहुधा मांड्यांखाली. ती काही बोलत नाही. आपल्याला वाटतं, चला, हिला दोन मिनिटं बसायला मिळालं. पण त्या वेळी तिची मनातल्या मनात उजळणी चाललेली असते. माझं दार कोणतं? हँडल कोणत्या दिशेला फिरवायचं? स्लाइड, म्हणजे दाराबाहेर फुगणारी घसरगुंडी, आपोआप फुगली नाही तर कोणता दांडा ओढायचा? बाहेर आग दिसली तर माणसांना कुठे वळवायचं? जवळ बसलेल्यांत धडधाकट कोण आहे, आणि कोणाला हात द्यावा लागेल? या क्षेत्रातली माणसं याला ‘सायलेंट रिव्ह्यू’ म्हणतात. उड्डाणानंतरची पहिली ३ मिनिटं आणि उतरण्याआधीची शेवटची ८ मिनिटं सर्वांत जोखमीची मानली जातात. म्हणून ही मूक उजळणी प्रत्येक उड्डाणाला आणि प्रत्येक उतरणीला होते. एका दिवसात विमान चार वेळा उडालं, तर ती आठ वेळा होते.

रात्रीच्या उड्डाणात याच वेळी दिवे मंद करतात आणि खिडक्यांचे पडदे वर करायला सांगतात. अंधारात बाहेर पडायची वेळ आली, तर डोळे आधीच अंधाराला सरावलेले असावेत, हे त्यामागचं कारण. बाहुली मोठी व्हायला काही सेकंद पुरतात, पण डोळ्यातल्या अंधारात काम करणाऱ्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला कितीतरी मिनिटं लागतात. पडदे उघडे असले की कोणत्या बाजूला आग आहे तेही आतून दिसतं.

अनेक देशांत साधारण ५० आसनांमागे एक कर्मचारी असा नियम आहे. हा आकडा जेवण वाढायला किती माणसं लागतात यावरून ठरलेला नाही. विमान रिकामं करायला किमान किती माणसं हवीत, त्यावरून तो आला आहे.

आणि विमान रिकामं करायला वेळ किती? ९० सेकंद. ४४ पेक्षा जास्त आसनांचं नवं प्रवासी विमान बाजारात आणण्याआधी निर्मात्याला हे सिद्ध करावं लागतं की सगळी आसनं भरलेली असताना, अंधारात, फक्त निम्म्या दारांतून सगळे लोक ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. कोणती दारं चालणार आणि कोणती बंद राहणार, हे चाचणीतल्या लोकांना आधी सांगत नाहीत. वाटेत मुद्दाम पिशव्या आणि पांघरुणं टाकून ठेवतात. अमेरिकेत १९६५ मध्ये ही मर्यादा १२० सेकंद होती. स्लाइड सुधारल्या आणि १९६७ मध्ये ती ९० वर आली. मार्च २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए३८० ची चाचणी झाली. १६ पैकी ८ दारांतून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली. त्यात एकाचा पाय मोडला आणि ३२ जणांना किरकोळ दुखापती झाल्या.

९० सेकंदांचा खरा संबंध आगीच्या स्वभावाशी आहे. केबिनमध्ये आग लागली की तापलेला धूर छताशी जमतो आणि त्याचा थर खाली खाली उतरू लागतो. त्या थरातून उष्णता खालच्या आसनांवर आणि भिंतींवर पडत राहते. फोम आणि प्लास्टिक तापून त्यांतून ज्वलनशील वायू निघतात. तापमान ५००-६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की क्षणात सगळं एकदम पेटतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आत जिवंत राहणं शक्य नसतं.

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७९७ क्रमांकाच्या उड्डाणात मागच्या शौचालयातून धूर यायला लागला. कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना पुढे बसवलं आणि ओले टॉवेल वाटून त्यातून श्वास घ्यायला सांगितलं. ओलं कापड काजळी अडवतं आणि पाण्यात विरघळणारे काही वायू थोडेफार पकडतं, कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून सरळ आत जातो. वैमानिकांनी विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरवलं. दारं उघडली, लोक उतरू लागले, आणि त्याच दारांतून ताजी हवा आत शिरली. साधारण ६० ते ९० सेकंदांत केबिन पेटली. ४६ पैकी २३ जण वाचले. शौचालयात धुराची सूचना देणारं यंत्र आणि जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे, हे नियम या आणि अशा अपघातांनंतरच पक्के झाले.

२२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरमध्ये ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ ने उड्डाणासाठी धाव घेतली असताना इंजिनाचे तुकडे उडाले आणि इंधनाला आग लागली. विमानाने जमीन सोडलीच नव्हती. तरीही ५५ जण गेले, आणि त्यांतले बहुतेक भाजून नव्हे तर धुराने गेले. जळत्या आसनांमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतो. पहिला रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो. दुसरा पेशींना आलेला ऑक्सिजन वापरू देत नाही. दोन्ही मिळून माणसाला काही श्वासांत निकामी करतात. ‘खाली वाका’ या आज्ञेचा अर्थ एवढाच, की धूर वर साचतो आणि जमिनीजवळ श्वास घेण्याजोगी हवा थोडा जास्त वेळ टिकते.

धुरात वरचे दिवे दिसेनासे होतात, म्हणून वाट जमिनीवर आखलेली असते. अनेक विमानांत त्यासाठी तारा किंवा बल्ब नसतात. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट या पदार्थाची पट्टी असते. केबिनचे दिवे चालू असताना ती प्रकाश साठवते आणि अंधारात कित्येक तास मंद चमकत राहते. वीज गेली तरी तिला फरक पडत नाही. फक्त दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी केबिनचे दिवे पुरेसा वेळ चालू ठेवून ती ‘भरावी’ लागते.

मँचेस्टरनंतर ब्रिटनमधल्या क्रॅनफिल्ड इथे मानसशास्त्रज्ञ हेलन म्युअर यांनी जे प्रयोग केले, ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत मोलाचे वाटतात. तोवरच्या चाचण्यांत लोक शिस्तीत, एकमेकांना वाट देत बाहेर पडायचे. खऱ्या आगीत तसं होत नाही. म्युअर यांनी निवृत्त ट्रायडंट विमानात स्वयंसेवक बसवले आणि सांगितलं, पहिल्या निम्म्यांत जो बाहेर पडेल त्याला ५ पौंड जादा. एवढ्या छोट्या बक्षिसाने माणसं आसनांवरून उड्या मारू लागली आणि दारात अडकून पडली. कुठे गर्दी कोंडते, पंखावरच्या दारापाशी आणि पुढच्या भिंतींमधून किती रुंद वाट हवी, हे त्यातून मोजता आलं. पुढच्या प्रयोगांत त्यांनी कर्मचाऱ्यांचं वागणं बदलून पाहिलं. मोठ्याने, ठामपणे, हात लावून पुढे ढकलणारे कर्मचारी असले की विमान लवकर रिकामं झालं. मवाळपणे सांगणारे कर्मचारी असले, तर कर्मचारी अजिबात नसल्यासारखाच बराच वेळ गेला.

म्हणून एरवी इतक्या नम्रपणे बोलणारी ही माणसं आणीबाणीत ओरडतात. ‘पट्टा सोडा! सामान सोडा! इकडे या! उडी मारा!’ आज्ञा दोन-तीन शब्दांच्याच असतात, कारण घाबरलेल्या मेंदूत लांब वाक्य शिरत नाही. दारात थबकलेल्या माणसाला ढकलायचंही शिकवलेलं असतं. ते उद्धटपणा नाही. प्रमाणित स्लाइडच्या एका रांगेतून मिनिटाला ७० माणसं उतरायला हवीत, म्हणजे एकाच्या वाट्याला सेकंदसुद्धा येत नाही. दारात दोन सेकंद थांबलेला माणूस मागच्या दोघांची जागा खातो. वरच्या कप्प्यातली बॅग काढायला तर कितीतरी जास्त वेळ जातो.

आता ती स्लाइड. दारं बंद झाल्यावर ‘आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक’ ही घोषणा ऐकू येते. दाराच्या खालच्या फुगवट्यात स्लाइड घडी करून ठेवलेली असते आणि तिच्या कडेला एक आडवी पट्टी असते. दार ‘आर्म’ केलं की ती पट्टी जमिनीतल्या खोबणीत अडकते. मग दार उघडलं की स्लाइड बाहेर ओढली जाते, खाली पडताना स्वतःच्या वजनाने बाटलीची झडप उघडते आणि काही सेकंदांत फुगते. एवढी मोठी वस्तू बाटलीतल्या वायूने भरायची तर बाटली अवजड होईल. म्हणून वायू एका अरुंद नळीतून वेगाने सोडतात, त्याच्या झोतामागे दाब कमी होतो आणि बाहेरची हवा त्याच्याबरोबर आत खेचली जाते. स्लाइडमधली बहुतांश हवा अशी बाहेरचीच असते. ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यातही ती जागेवर राहावी लागते. विमान फलाटाला लागल्यावर ‘डिसआर्म’ करायला कोणी विसरलं आणि दार उघडलं, तर हीच स्लाइड बाहेर उभ्या माणसाच्या अंगावर आदळू शकते. म्हणूनच दोघांनी एकमेकांची दारं तपासायची असतात.

‘उडत्या विमानाचं दार कोणी उघडलं तर?’ हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. उंचावर केबिनच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा प्रत्येक चौरस मीटरला साधारण ५.५ टनांनी जास्त असतो. दोन चौरस मीटरच्या दारावर हा भार १० टनांच्या वर जातो. बहुतेक दारं उघडताना आधी थोडी आत यावी लागतात, त्यामुळे हा भार कोणा माणसाला हलणार नाही. जमिनीजवळ मात्र दाबातला फरक जवळजवळ संपतो. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात आसियाना कंपनीच्या विमानात उतरण्याच्या थोडं आधी, २०० मीटरच्या आसपास असताना, एका प्रवाशाने दार उघडलं. विमान तशाच उघड्या दाराने सुखरूप उतरलं.

केबिनचा दाब गेला तर समस्या उलटी होते. ३५ हजार फुटांवर माणूस शुद्धीवर असला तरी त्याचा मेंदू कामाचा राहतो जेमतेम ३० ते ६० सेकंद. यातली घातक गोष्ट अशी, की गुदमरल्यासारखं वाटतच नाही. श्वास कोंडल्याची जाणीव शरीराला मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, आणि तो तर उच्छ्वासातून बाहेर जात असतो. म्हणून आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा. तुमच्या मदतीने मूल काही सेकंदांनी शुद्धीवर येईल. तुम्हीच बेशुद्ध पडलात तर मूल तुम्हाला मदत करू शकणार नाही. कर्मचारीही त्या क्षणी कोणाच्या मदतीला धावत नाहीत. हाताशी येईल तो मास्क घेऊन, मिळेल तिथे बसून स्वतःला धरून ठेवतात. विमान १० हजार फुटांपर्यंत खाली आलं की छोटी ऑक्सिजन बाटली घेऊन उठतात.

बऱ्याच विमानांत प्रवाशांचा ऑक्सिजन टाकीतून येत नाही. डोक्यावरच्या कप्प्यात सोडियम क्लोरेट आणि लोखंडाच्या भुकटीचा डबा असतो. मास्क ओढला की पिन निघते, क्रिया सुरू होते, क्लोरेटचं मीठ होतं आणि ऑक्सिजन सुटतो. म्हणूनच मास्क नुसता तोंडाला लावून चालत नाही, तो ओढावा लागतो. डबा बाहेरून २०० अंशांवर तापतो, त्यामुळे जळका वास आला तरी घाबरू नका. पिशवी फुगली नाही तरीही ऑक्सिजन येत असतो. तो १२ ते १५ मिनिटं पुरतो आणि विमानाला खाली यायला तेवढा वेळ पुरेसा असतो.

हवेतल्या आगीला दार उघडून पळता येत नाही, ती तिथेच विझवावी लागते. कर्मचारी डोक्यावर धूर अडवणारी टोपी चढवतात. काही प्रकारांत तिच्यातलं पोटॅशियम सुपरऑक्साइड उच्छ्वासातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन देतं, आणि साधारण १५ मिनिटं त्यावर निघतात. हातातल्या नळकांड्यात वर्षानुवर्षं हॅलॉन हा वायू होता. तो ज्वाळेतली साखळी प्रक्रिया तोडतो, पण ओझोन थरालाही तोडतो. त्यामुळे आता त्याला पर्याय येत आहेत. मोबाइलच्या लिथियम बॅटरीवर मात्र तो एकटा पुरत नाही. ज्वाळा विझते, पण बॅटरीच्या आतली उष्णता शेजारच्या घटकाला पेटवत राहते, म्हणून नंतर भरपूर पाणी ओतून ती थंड करतात. बर्फ ठेवत नाहीत, कारण त्याच्याखाली उष्णता कोंडते. आणि फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे करू नका, कर्मचाऱ्यांना बोलावून घ्या. चिरडलेली बॅटरी पेटते.

पाण्यावर उतरण्याबाबत एकच गोष्ट सांगायची आहे. लाइफ जॅकेट दाराबाहेर पडल्यावरच फुगवा. नोव्हेंबर १९९६ मध्ये इथिओपियन कंपनीचं अपहृत विमान इंधन संपून कोमोरोजजवळ समुद्रात पडलं. अनेकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी शिरल्यावर ते छताला जाऊन चिकटले. दार पाण्याखाली होतं आणि त्यांना खाली सूर मारता येईना.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातल्या ६ पैकी ५ जणांचा मृत्यू झाला. ए३५० पेटलं. आत ३७९ माणसं होती, त्यांत दोन वर्षांखालची ८ मुलं. केबिन कर्मचारी होते ९. घोषणा करण्याची यंत्रणा बंद पडली होती, म्हणून मेगाफोन आणि आवाज यांवर काम भागवलं गेलं. ८ दारांपैकी वापरता येण्याजोगी होती ३. दोन पुढची आणि एक मागचं डावं. मागच्या दाराजवळच्या कर्मचाऱ्यांचा वैमानिकांशी संपर्क होत नव्हता, आणि धूर वाढत होता. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, त्या बाजूला आग नाही याची खात्री केली, आणि आदेशाची वाट न बघता दार उघडलं. ३७९ जण बाहेर आले.