तुमच्या चेहऱ्यावर किती पिक्सेल पडतात?

आमच्या गोव्यात म्हापशाला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, दोन मेगापिक्सेल देऊ की पाच की आठ, आणि आपण बजेट बघून एक आकडा सांगतो नि बोलणी लगेच वायरिंगवर आणि हार्ड डिस्कवर जातात. पण मेगापिक्सेलवरून त्या कॅमेऱ्याला नेमकं काय दिसणार ते कळत नाही. त्यासाठी वेगळा आकडा लागतो, एका मीटरला किती पिक्सेल, म्हणजे समोरच्या जागेच्या एका मीटर रुंदीवर चित्रातले किती ठिपके पडतात. हा प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारत नाही, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा संबंध तर याच आकड्याशी आहे.

हिशोब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. तो कॅमेरा आठ मीटर रुंदीच्या गेटवर रोखला तर एका मीटरच्या वाट्याला २४० पिक्सेल आले, आणि तोच पंचाहत्तर-ऐंशी मीटर रुंद मैदानावर लावला तर जेमतेम २५. सीसीटीव्हीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात याच्या पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. मीटरला २५ पिक्सेल असले की तिथे कोणीतरी माणूस आहे एवढं कळतं. १२५ ला ओळखीचा माणूस असेल तर हा तोच म्हणून सांगता येतं. आणि २५० झाले की पूर्ण अनोळखी माणसाचीसुद्धा खात्रीने ओळख पटवता येते. चेहरा साधारण १६ सेंटीमीटर रुंद धरला तर २५० च्या हिशोबाने त्यावर आडवे फक्त चाळीस पिक्सेल पडतात. एवढ्यावर आपली ओळख पक्की होते.

आता हेच ४के कॅमेऱ्याला लावून बघा. आडवे ३८४० पिक्सेल, म्हणजे २५० च्या हिशोबाने पंधरा मीटरहून जास्त रुंदी. आपल्याकडच्या कुठल्याही साध्या बाजाररस्त्याची दोन्हीकडची दुकानं त्यात आली. पूर्वी गेटमधून कोण आलं ते बघायचं तर कॅमेरा गेटवरच रोखायला लागायचा आणि रस्त्यावरचे लोक मागे धूसर ठिपके असायचे. आता गेटसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात अख्खा रस्ता ओळख पटण्याइतका स्पष्ट येतो, आणि तो यावा असं मालकाने मुद्दाम ठरवलेलंही नसतं, त्याने नुसता जरा चांगला कॅमेरा घेतलेला असतो.

कॅमेऱ्याला मर्यादा आहेतच. भिंगाचा व्यास जितका लहान तितके बारीक तपशील एकमेकांत मिसळतात, हा प्रकाशाच्या लहरींचाच नियम आहे, सेन्सरवर कितीही पिक्सेल कोंबले तरी तो मोडत नाही. त्यात आपली हवा खारट, पावसात काचेवर थेंब, आणि रात्री कोळी येऊन बरोब्बर कॅमेऱ्याच्या तोंडावर जाळं विणतो, त्यावर कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, उजेड पडला की रात्रभराचं रेकॉर्डिंग पांढरं. शिवाय सिनेमात दाखवतात तसं धूसर चित्र झूम करत करत एकदम चेहरा उमटतो, तसं होत नाही. जो तपशील सेन्सरवर पडलाच नाही तो नंतर काढता येत नाही. हल्ली एआयने फोटो 'क्लिअर' करून देतात ते तर जास्त घातक आहे, कारण तो प्रोग्राम लाखो चेहरे बघून शिकलेला असतो आणि मोकळ्या जागी शक्यतेतला एक चेहरा भरून देतो. दिसायला अगदी खरा, पण तो चोराचा असेलच असं नाही. असं चित्र पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरवणं म्हणजे कोणाच्या तरी निरपराध मुलाला गोत्यात आणणं आहे.

तरी जे पडतं तेच किती असतं बघा. २०१३ साली ब्रिटनमधल्या रॉब जेन्किन्स आणि क्रिस्टी केर या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३९ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने माणसाचा चांगल्या उजेडात फोटो काढला आणि त्याच्या डोळ्याच्या बुबुळात समोर उभ्या असलेल्या लोकांचं जे प्रतिबिंब पडलं होतं ते मोठं करून बघितलं. फोटोतल्या मुख्य चेहऱ्याच्या मानाने ते चेहरे तीस हजार पटीने लहान होते, तरी ओळखीच्या लोकांनी ते बहुतेक वेळा बरोबर ओळखले. तो स्टुडिओतला फोटो होता, खांबावरच्या कॅमेऱ्याला हे जमणार नाही, पण फोटो काढताना जे आपल्या लक्षातही नसतं ते त्यात साठलेलं असतं हे त्यातून कळतं.

साठवण स्वस्त झाली ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. एच २६५ पद्धतीने दाबलेला ४के व्हिडिओ सेकंदाला चार मेगाबिट धरला तर दिवसाचे ४३ जीबी होतात, म्हणजे दोन टीबीच्या साध्या डिस्कवर एका कॅमेऱ्याचा दीड महिना सहज मावतो. बघायला कोणी बसलेलं असो वा नसो, तो दीड महिना तिथे पडून असतो.

डिचोलीच्या बाजारात आमच्या ओळखीच्या एका भाऊंचं दुकान आहे, शटर फोडायचा प्रयत्न झाला म्हणून त्यांनी कॅमेरा लावला, आणि तो लावणं बरोबरच होतं. एकदा त्यांनी मला फोनवर दाखवलं की बघ रे किती क्लिअर येतं, आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. दुकानाच्या पायरीपाशी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला एक आजी बसतात, त्या निघायच्या आधी पैसे मोजत होत्या. शंभरची नोट जांभळट, दोनशेची पिवळीधमक, पन्नासची निळी. शंभरची नोट १४ सेंटीमीटर लांब असते, तेव्हा त्या अंतरावर तिच्यावर तीसपस्तीस पिक्सेल सहज पडत असणार, आणि रंग ओळखायला तर तेवढेही लागत नाहीत. आजींची त्या दिवसाची सगळी कमाई स्क्रीनवर मोजता येत होती, मग त्यांनी नोटा रुमालात गुंडाळून कमरेला कुठे खोचल्या तेही.

मी विचारलं, "भाऊ, हे आजींना ठाऊक आहे?"

"त्यांना काय, त्या उघड्यावरच बसतात की."

उघड्यावर बसतात हे खरं. पण उघड्यावर बसून पैसे मोजताना आजी आजूबाजूला बघून घेतात, कोण जवळ आहे, कोण टक लावून बघतंय, तसं वाटलं तर पाठ फिरवतात. वर छज्ज्याखाली लावलेल्या कॅमेऱ्याकडे पाठ कशी फिरवणार, आणि पंधरा दिवसांनी कोणी तो व्हिडिओ उघडला तर तेव्हा तर त्या तिथे नसतीलच.

आपल्या गावांत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं, मग प्रायव्हसी कसली, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. सोप्यावर बसलेली काकी आपल्याला जाताना बघते तेव्हा आपणही तिला बघतो, "खंय गेल्लो रे" म्हणून ती विचारते, आपण सांगतो किंवा टाळतो, आणि चार दिवसांनी ती विसरते. समजा ती पलीकडच्या वाड्यावर जाऊन बोलली तरी कोण बोललं ते आपल्याला कळतं आणि जाऊन विचारता येतं. कॅमेऱ्याच्या बाबतीत यातलं काहीच उरत नाही.

आणि चेहरा स्पष्ट दिसला नाही तरी फार फरक पडत नाही हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात दिसलं. तिथे २०२० साली पोलिसांसाठी विमानं शहरावर घिरट्या घालून दर सेकंदाला फोटो घ्यायची, आणि त्यात एक माणूस म्हणजे फक्त एक पिक्सेल. चेहरा नाही, कपडे नाहीत. पण तो ठिपका संध्याकाळी ज्या घरात जातो आणि सकाळी ज्या घरातून निघतो ते घर कोणाचं हे बघितलं की झालं. २०२१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याच्या आधी २०१३ मध्ये पंधरा लाख मोबाईलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदींवर एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की माणूस कुठल्या वेळी कुठे होता अशा फक्त चार नोंदी मिळाल्या तर ९५ टक्के लोक त्या गर्दीत एकटे वेगळे काढता येतात. आता आपल्याकडचा कोणाचाही दिवस घ्या, सकाळी पेट्रोल पंप, मग मेर्शी जंक्शन जिथे २०२३ पासून कॅमेरेच नियम मोडणाऱ्यांच्या गाड्या टिपतात, मग पणजीत ऑफिसची लिफ्ट, संध्याकाळी मेडिकल स्टोअर. चार नोंदी एका दिवसातच होतात. आज हे कॅमेरे वेगवेगळ्या मालकांचे आहेत आणि एकमेकांना जोडलेले नाहीत, आपलं बरंचसं संरक्षण सध्या एवढ्यावरच टिकून आहे.

जोडायचं काम फेस रेकग्निशन करतं. प्रोग्राम चेहऱ्याचं आकड्यांच्या एका रांगेत रूपांतर करतो, आणि दोन रांगा किती जवळ आहेत ते मोजतो. किती जवळ असल्या की 'तोच माणूस' म्हणायचं ही रेषा मात्र माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरात ही रेषा ८० टक्के साम्याची असल्याचं २०२२ मध्ये समोर आलं. गर्दीत हे लावलं की काय होतं ते साध्या गणितातून बघा. समजा सिस्टीम हजारात एकदाच चुकते, आणि पन्नास हजार लोक कॅमेऱ्यासमोरून गेले, तर पन्नास निरपराध लोकांवर लाल चौकोन येणार. त्या गर्दीत खरे हवे असलेले दोघंच असतील तर पोलिसांनी अडवलेल्यांत जवळजवळ सगळे चुकीचे. चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत हेही आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी फोटोवरून स्त्री की पुरुष सांगणाऱ्या बड्या कंपन्यांच्या सिस्टीम तपासल्या, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत होती आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली होती.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटला. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही, आणि सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची सोय त्यातच आहे. खासगी क्षणी असलेल्या बाईला लपून बघणं किंवा रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहेच, नव्या न्याय संहितेत ते कलम ७७. गोव्याला हा विषय नवा नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये कांदोळीतल्या एका कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमकडे कॅमेरा रोखल्याचं खुद्द एका केंद्रीय मंत्र्यांच्याच लक्षात आलं होतं, आणि २०२३ च्या जानेवारीत आपल्या पर्यटन खात्याने सांगितलं की समुद्रावर इतर पर्यटकांचे, खास करून ऊन खात पडलेल्या किंवा पोहणाऱ्यांचे, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. किनाऱ्यावरच्या पाहुण्यांना जो मान देतो तोच बाजारातल्या आजींना द्यायला काय हरकत आहे?

घरच्या कॅमेऱ्याचं तर आजच करता येतं. बहुतेक रेकॉर्डरमध्ये प्रायव्हसी मास्क म्हणून सेटिंग असतं, त्यात चित्राचा जो भाग झाकाल तो रेकॉर्डच होत नाही, म्हणजे नंतर पासवर्ड चोरला तरी तो भाग कोणाला मिळत नाही. भाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पायरीकडचा कोपरा लगेच झाकला, शटर पूर्वीसारखंच दिसतं. पासवर्ड मात्र आलेला तसा ठेवू नका. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं फुटेज २०२५ च्या फेब्रुवारीत बाहेर विकलं गेल्याचं उघड झालं, त्या बायकांनी काय करायचं सांगा. एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या, पण भिंतीवर आधीच बसलेले जुने कॅमेरे तसेच आहेत.

सार्वजनिक जागांसाठी कॅमेरे नकोतच असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या मे महिन्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, त्यानंतर तसं म्हणवतही नाही. पण गर्दी मोजायला चेहरा लागत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाचसहा माणसांच्या वर गेलं की माणसाला स्वतःच्या इच्छेने हलता येत नाही आणि धोका तिथून सुरू होतो, आणि ते बघायला उंचावरून डोकी मोजली तरी पुरतं, मीटरला पंचवीस पिक्सेलवर ते होतं, उष्णता बघणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने काळोखातही होतं. मोजणी कॅमेऱ्याच्या आतल्या चिपवरच करणारे कॅमेरे मिळतात, त्यांतून कंट्रोल रूमला फोटो न जाता फक्त आकडा जातो, आणि रस्ता बंद करायचा की नाही हे ठरवायला तिथल्या माणसाला तोच हवा असतो.