धुराडं नव्हे, कोक भट्टीचा दरवाजा बघा

पोलाद कारखान्याच्या प्रदूषणाचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा उंच धुराड्याकडे जातात. कोक भट्ट्यांच्या बाबतीत मात्र सगळ्यांत घातक वायू जमिनीपासून थोड्याच उंचीवर, दरवाजांच्या फटींतून निसटतात.

कोक म्हणजे हवा न लागू देता भाजलेला दगडी कोळसा; खनिजातून लोखंड काढायला तो लागतो. भट्टीची खोली साधारण १२ ते १६ मीटर लांब, ४ ते ७ मीटर उंच आणि रुंदीला जेमतेम अर्धा मीटर असते. अशा कित्येक खोल्या ओळीने बांधल्या की त्याला बॅटरी म्हणतात. बारीक दळलेला कोळसा वरच्या झाकणांतून ओततात आणि १,१०० अंशांच्या आसपास १६ ते २० तास तापवतात. एका टनातून सुमारे पाऊण टन कोक मिळतो. उरलेल्याचा बराचसा भाग वायू आणि डांबर होऊन बाहेर येतो. त्यात बेंझीन, नॅप्थलीन, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया आणि बेंझोपायरीन असतात. बेंझीन आणि बेंझोपायरीन या दोन्हींमुळे माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

आत हवा शिरू नये म्हणून वायूवाहिनीत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवावा लागतो. म्हणजे फट असली की वायू बाहेरच येणार. दरवाजाची धातूची पातळ धार चौकटीवर दाबून बसते आणि राहिलेली बारीक फट थिजलेल्या डांबराने आपोआप बुजते. पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने चौकट वाकते. प्रत्येक खेपेला धारेवरचं जुनं डांबर खरवडलं नाही तर दरवाजा नीट बसत नाही. मग कोळसा भरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, वायू सर्वांत जोरात सुटत असताना, पिवळट-तपकिरी धूर गळू लागतो. दाब बाहेरच्यापेक्षा कमी करणं हा यावरचा उपाय नाही. तसं केलं तर हवा आत जाऊन कोक जळतो आणि विटा खराब होतात. चौकट बदलणं आणि रोजची सफाई, हा मुख्य इलाज.

कच्चा राहिलेला कोक बाहेर ढकलला की काळा लोट उठतो. तापलेला कोक विझवायला कारखान्याचंच सांडपाणी वापरलं तर त्यातलं फिनॉल हे विषारी रसायन वाफेबरोबर हवेत जातं.

भारताच्या नियमांत बॅटरीजवळच्या हवेत बेंझोपायरीनची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. वस्तीच्या हवेसाठी वार्षिक सरासरीची मर्यादा १ नॅनोग्रॅम, म्हणजे पाच हजार पटींनी कमी. बॅटरीच्या माथ्यावर पाळी करणारा कामगार काय श्वासात घेतो, ते यावरून कळावं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळचा क्लेअरटन कारखाना मोनोंगहेला नदीच्या खोऱ्यात आहे. रात्री खाली थंड आणि वर उबदार हवेचा थर बसला की धूर पहाटेपर्यंत खोऱ्यातच कोंडतो. २४ डिसेंबर २०१८ रोजी तिथल्या आगीत वायूतलं गंधक काढणारी यंत्रणा बंद पडली. भट्ट्या थंड केल्या तर विटांना तडे जातात, म्हणून त्या चालूच राहिल्या आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ती यंत्रणा नसतानाच वायू जाळला गेला. गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन हवेत गेलं आणि दम्याच्या रुग्णांना घरात थांबायला सांगावं लागलं.

२०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने कोक कारखान्यांच्या कुंपणालगत बेंझीन मोजण्याची अट घातली, पण २०२५ मध्ये तिची मुदत पुढे ढकलली. गळके दरवाजे अजूनही निरीक्षक बॅटरीच्या कडेने चालत, धूर बघून मोजतात. बेंझीनची वाफ डोळ्यांना दिसत नाही.