वॅटपासून ‘वार’पर्यंत : विद्युत शक्तीच्या एककांची पार्श्वभूमी

वॅटचा जन्म फारसा वादाचा नाही. वाफेची इंजिने विकताना जेम्स वॅटने एका अश्वशक्तीसाठी मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हा आकडा धरला होता. १८८१ साली पॅरिसमध्ये व्होल्ट (विद्युत दाबाचे एकक) आणि अँपिअर (प्रवाहाचे एकक) ठरले. पुढच्याच वर्षी साउदॅम्प्टनला विज्ञान अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणात एका उद्योजक-अभियंत्याने या दोन्हींच्या गुणाकाराला वॅटचे नाव सुचवले. १८८९ मध्ये पॅरिसलाच त्यावर शिक्कामोर्तब झाले. यंत्रांची ताकद अश्वशक्तीऐवजी किलोवॅटमध्ये सांगावी, अशी शिफारसही तेव्हाच झाली. आपल्याकडे शेतीपंप अजून एचपीवरच विकला जातो, ते सोडा.

तो सगळा हिशेब डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा. दिशा बदलत राहणारी वीज, म्हणजे एसी, आली आणि दाब व प्रवाह एकाच वेळी चढेनात, उतरेनात. त्यामुळे दोघांचा गुणाकार प्रत्यक्ष कामापेक्षा जास्त भरू लागला. कामाला वॅट राहिला. गुणाकाराला वेगळे नाव न देता ‘व्होल्ट-अँपिअर’ म्हणूनच ठेवले. ट्रान्सफॉर्मर केव्हीएवर (हजार व्होल्ट-अँपिअरच्या मापावर) विकतात ते यामुळेच, कारण वाइंडिंग तापते ते प्रवाहाने, मग काम होवो वा न होवो.

राहिला तिसरा भाग : मोटरच्या चुंबकीय क्षेत्रात जाऊन पुन्हा माघारी येणारी ऊर्जा. १०० केव्हीएचा भार ०.८ पॉवर फॅक्टरवर (काम भागिले गुणाकार) चालला, तर काम ८० किलोवॅटचे आणि ही ये-जा ६० ची. बेरीज वर्गांची करायची, म्हणून जुळते. पण हे ६० कशाचे म्हणायचे? १९३० साली स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत त्याला ‘वार’ हे नाव मिळाले. ते सुचवणारा अभियंता रुमानियन होता.

इथेच घोळ सुरू झाला. शुद्धतावाद्यांच्या मते वॅट, व्हीए आणि वार यांची मिती (मूळ मोजमाप) एकच, तेव्हा तीन नावे हवीत कशाला? आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत ‘वार’ला आजही स्थान नाही. पण सबस्टेशनमध्ये काम करणाऱ्याला नुसते ‘६०’ सांगून भागत नाही. नाव वेगळे असले की चूक टळते. व्यवहाराने निकाल दिला, आणि तो योग्यच होता.

त्याच अभियंत्याने या ये-जा शक्तीची जी व्याख्या केली, तिचे मात्र तसे झाले नाही. दाब-प्रवाहाचा तरंग शुद्ध साइन (गुळगुळीत, एकसारखा चढउतार) असेल तोवर ती चोख चालते. तरंग बिघडला की वर्गांची बेरीज व्हीएपर्यंत पोहोचत नाही. उरलेल्या तुटीला त्याने ‘विरूपण शक्ती’ म्हटले. १९३० च्या दशकातच पोलंडमधून दुसरी मांडणी पुढे आली. १९८७ मध्ये तर दाखवून दिले गेले, की या व्याख्येनुसार ‘वार’ शून्यावर आणले तरी प्रवाह कमीत कमी होईलच असे नाही. म्हणजे प्रवाह कमी करण्याच्या ज्या कामासाठी आकडा काढायचा, तिथेच तो दगा देतो. तरी पाठ्यपुस्तकांतून तो लवकर गेला नाही.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर, म्हणजे ये-जा धरून) आली, तेव्हा हा जुना वाद कारखान्यांच्या खर्चात उतरला. मोटरच्या ‘वार’वर कपॅसिटर बँक हा उतारा आहे. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आणि यूपीएसने बिघडवलेल्या तरंगावर तो चालत नाही. रेझोनन्स (अनुनाद) होऊन प्रवाह वाढला तर कपॅसिटरच जळतात. तिथे तरंगातला बिघाड गाळणारा हार्मोनिक फिल्टरच लावावा लागतो.