जमिनीचा भाव वाढला म्हणजे शेती सुधारली? नाही हो

आमच्याकडे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे हेच बोलतात, जमिनीला सोन्याचा भाव आलाय, आता शेतकऱ्याला काय कमी, शेतीत पैसा घालेलच की. पण तो भाव भाताचा नसतो, उद्या तिथे प्लॉट पडेल या आशेचा असतो, आणि विकल्याशिवाय तो हातात येत नाही. किसान क्रेडिट कार्डाची पीककर्जाची लिमिटसुद्धा पीक आणि क्षेत्र बघून ठरते, बाजारभाव बघून नाही, आणि 2025पासून 2 लाखांपर्यंत जमीन तारणच लागत नाही.

उलट नुकसानच जास्त. भाटकार, म्हणजे जमीनमालक, एवढ्या भावाचं रान पडीक ठेवतो पण कसायला देत नाही, 1964च्या कूळ कायद्याने कूळ लागेल ही भीती. आणि खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, तर एकट्याने पैसे घालून भागतच नाही, बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) सगळ्यांनी मिळून सांभाळायचे, चार जणांनी शेत सोडून बांध फुटला की खारं पाणी उरलेल्यांच्याही भातात.

2023च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी आहे, बरं झालं, पण विक्री थांबली म्हणून पेरणी होतेच असं नाही. भाजी अजून बेळगावहूनच येते ना?